वीणा खाली टेकली नाही

त्या दिवशी सकाळी आण्णांनी, माझ्या वडिलांनी, बंबातले पाणी स्वतःच काढून घेतले. धाकट्या भावाची बायको, वहिनी, बादली उचलायला पुढे झाली, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. आज माझं मी करतो." अंघोळ झाल्यावर त्यांनी अंगणातल्या भिंतीच्या खिळ्याला आरसा अडकवला, उन्हाकडे तोंड करून सावकाश दाढी केली आणि गालांवरून तुरटी फिरवली. मग घडीचे धोतर, पांढरी बंडी, कपाळाला गंध आणि त्याखाली बुक्क्याचा ठिपका. यात नवे काहीच नव्हते. माझ्या लहानपणापासून त्यांची सकाळ याच क्रमाने उलगडत असे. शेवटी त्यांनी खोबरेल तेलाचा एक थेंब उजव्या तर्जनीवर घेतला आणि अंगठ्याने तो जिरवला. वीणेची तार छेडून छेडून त्या बोटाच्या पेरावर घट्टा पडला होता.

मी उंबऱ्यात चहा पीत बसले होते. तो घट्टा बघावा म्हणून मी त्यांचा हात हातात घेतला आणि सवयीने माझी बोटे मनगटावर गेली.

"नाडी बघती का काय?"

"नाही, घट्टा बघते."

"नाडीच बघ. शेवटचा पहारा आहे आज. मधीच संपायची नाही ना, तेवढं सांग."

वहिनी आतून हसली. "आण्णा, सणाच्या दिवशी काहीही बोलता."

मी नाडी पाहिली. चांगल्या बैलांनी शेतात मारलेल्या नांगराच्या तासासारखी ती सरळ चालली होती. "अजून वीस वर्षं वीणा धरता येईल," मी म्हणाले.

"वीस नको. आजचा काला पार पडू दे, पुरे."

मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते आणि सप्ताहाच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी रजा घेऊन सावरदऱ्याला आले होते. आमच्या गावात सहा वर्षांनी सप्ताह बसला होता. त्याआधी आवाऱ्यांच्या दोन भावक्यांत पहाऱ्याच्या मानावरून भांडण झाले, मंडपात हातघाई झाली आणि त्या गोंधळात कोणीतरी वीणा जमिनीवर ठेवली. सप्ताह बसला की शेवटच्या दिवशी काला होईपर्यंत वीणा खाली टेकू द्यायची नाही. पहारेकरी बदलतात, वीणा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, पण तिचा सूर आणि तिचे उभे राहणे मोडत नाही. ती खाली टेकली आणि सप्ताह खंडित झाला. त्यानंतर वरची आळी आणि खालची आळी एकमेकींच्या लग्नाला गेल्या नाहीत, मयतीलाही नाहीत. माझी आई गेली तेव्हा वरच्या आळीतला तिचा सख्खा मामेभाऊ, कारभारी तात्या, चार घरे सोडून आपल्या ओट्यावर बसून राहिला. आईची तिरडी त्याच्या दारावरून गेली.

त्याच तात्यांच्या दारात आण्णा गेल्या दिवाळीनंतर आपण होऊन गेले होते. काय बोलणे झाले ते दोघांनीही कोणाला सांगितले नाही. सप्ताह पुन्हा बसवायचा, पहारे दोन्ही आळ्यांनी आळीपाळीने करायचे, स्पीकर तात्यांच्या मुलाचा, सुदामचा आणि काल्याचा शेवटचा पहारा आण्णांचा, असे ठरले. कोणी कोणाच्या पहाऱ्यात हात घालायचा नाही, हेही ठरले. जुन्या भांडणाची सुरुवात तिथूनच झाली होती.

आम्ही देवळाकडे गेलो तेव्हा मंडप भरत होता. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारले होते. पुढच्या भागात सतरंज्या होत्या, पण वीणेकरी आणि टाळकरी उभे राहतात तिथली जमीन ओलीच होती. मधोमध दोरीला काल्याची हंडी टांगली होती. सुदाम देवळाच्या ओसरीत एका लाकडी फळीवर बसवलेल्या बोर्डापाशी उकिडवा बसला होता. तिशी ओलांडलेला, कामाला वाघ असा गडी. आठवडाभर तो धड जेवलाही नसावा.

"मंदाताई, आज बघा आवाज कसा घुमतो. पार खिंडीपर्यंत."

"आणि करंट? तो कुठवर जातो?" बाजूला बसलेल्या टाळकऱ्यांपैकी एकाने विचारले, आणि सगळे हसले.

तिसऱ्या दिवसापासून माइकला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. बोलणाऱ्याने रुमाल गुंडाळून माइक धरायचा, असा त्यावर उपाय निघाला होता. कीर्तनकार शेवाळे महाराजांनीही उपरण्याचे टोक माइकला गुंडाळले होते. "सुदाम, तुझ्या करंटामुळे माझा आवाज चढतो रे," असे ते आदल्या दिवशी कीर्तनातच म्हणाले होते आणि सगळा मंडप खदखदून हसला होता. मीही हसले होते.

कीर्तन सुरू झाले. महाराज पुढे, त्यांच्या मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा आणि मध्ये वीणा घेतलेले आण्णा. त्यांच्या शेजारी कोरससाठी लोखंडी स्टँडवर दुसरा माइक. काल्याचा प्रसंग रंगत गेला तसा गजर वाढला. टाळकरी पावली टाकू लागले, दोन पावले पुढे, दोन मागे. आण्णाही डोलू लागले. वीणेचे वरचे टोक त्यांच्या खांद्याबरोबर झुलत होते.

मग ते थरथरू लागले.

त्यांची मान मागे गेली. डोळे वर फिरले. दोन्ही हातांच्या मुठी वीणेच्या दांडीवर, तारांसकट, अशा आवळल्या गेल्या की दंडाच्या शिरा उभ्या राहिल्या. सगळे अंग कापत होते, पण ते पडत नव्हते. कोणीतरी ओरडले, "आण्णांना भाव आला!" टाळकऱ्यांनी टाळ आणखी उंचावले. पखवाजाने लय वाढवली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सारा मंडप त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

मी बायकांच्या बाजूला खाली बसले होते, म्हणून मला त्यांचे पाय दिसले. ओल्या मातीत त्यांच्या पायांची बोटे आत वळून रुतली होती. वीणेचे वरचे टोक, जिथे तारा खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, लोखंडी स्टँडला टेकले होते.

"बंद करा!" मी किंचाळले. "लाईट बंद करा!"

गजरात ते कोणाला ऐकू गेले नाही. मी माणसे तुडवत ओसरीकडे धावले. माझ्या तोंडाकडे पाहूनच सुदामला कळले असावे. त्याने वळून एकदा पाहिले आणि बोर्डातली पिन हिसकली. स्पीकर गप्प झाले. त्या क्षणी आण्णा सरळ मागे कोसळले, टाळकऱ्यांच्या अंगावर. वीणा त्यांच्या छातीवर होती. दोन्ही मुठी तिच्याभोवती तशाच.

मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत ते नव्हते. मी गळ्यावर बोटे ठेवली. काही लागेना. छातीवरची वीणा बाजूला करावी म्हणून मी हात घातला, तोच त्यांनी मोठा, घरघरता श्वास घेतला. मग दुसरा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"टेकली का?" त्यांनी विचारले.

"नाही आण्णा," कोणीतरी रडत उत्तर दिले. "न्हाई टेकली. पडलात, पण सोडली न्हाई तुम्ही."

हे वाक्य मंडपभर गेले. पुढच्यांनी मागच्यांना सांगितले, मागच्यांनी बाहेर उभे राहिलेल्यांना. पडले, पण वीणा सोडली नाही. वीज अंगातून गेली, पण वीणा सोडली नाही. लोक उठून उभे राहिले. वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, सगळे मिसळून गेले. ज्यांनी सहा वर्षांत आमच्या घरचे पाणी घेतले नव्हते, ती माणसे वाकून आण्णांच्या पायांना हात लावू लागली.

आम्ही त्यांना देवळाच्या सभामंडपात खुर्चीवर बसवले. वीणा खांद्यावरच होती. सुदाम स्टँड उचलून बाजूला नेत होता. त्याच्या हातातली पिन मी पाहिली. तीन कांड्यांपैकी वरची, जाड, अर्थिंगची कांडी त्याने तोडून टाकली होती, कारण देवळाच्या बोर्डाला दोनच भोके होती. अशी पिन मी कितीतरी घरांत पाहिली आहे. कारभारी तात्याही तिकडेच बघत होते. आमची नजर एक झाली आणि त्यांनी मान फिरवली.

मी आण्णांचा हात घेतला. तर्जनीवर घट्ट्याच्या बरोबर मधून तारेची बारीक काळी रेघ उमटली होती. डाव्या टाचेला वाटाण्याएवढा पांढरट डाग होता आणि त्याची कड करपली होती. मग मी नाडी धरली. दोन ठोके पडले, मग काहीच नाही, मग घाईघाईने तीन-चार एकमेकांवर आदळले, मग पुन्हा मोकळी जागा. सकाळचा तो सरळ तास कुठेच नव्हता. नांगर भलतीकडेच ओढला जात होता.

"छातीत काही होतंय?"

"पाखरू फडफडावं तसं वाटतंय. बसंल खाली."

मी बाहेर येऊन डॉक्टर खरातांना फोन लावला. आमच्या रुग्णालयाचे ते प्रमुख. मी सांगत गेले आणि ते मध्ये एक शब्द न बोलता ऐकत राहिले.

"बेशुद्ध होते का?"

"काही क्षण. गळ्याला नाडी लागली नव्हती."

"आणि आता वेडीवाकडी आहे. सिस्टर, ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय यात काही बोलता येत नाही. एखाद्याची आपोआप लागते जागेवर. एखाद्याची लागत नाही. चालतायत, बोलतायत, यावर जाऊ नका. तुम्हाला तो गिरणीवाला आठवतो ना?"

मला तो आठवत होता. पिठाच्या गिरणीच्या मोटारीचा शॉक बसलेला माणूस. स्वतःच्या पायांनी आला, बाकावर बसला, "उगीच आणलं मला," म्हणाला. मीच त्याला चहा दिला होता. अर्धा कप पिऊन तो पुढे वाकला, आणि कप खाली पडला तेव्हा आम्हाला कळले.

"लगेच तालुक्याला हलवा," डॉक्टर म्हणाले. "मशीन आहे तिथे. मी फोन करून ठेवतो."

मी आत गेले. बबन, माझा धाकटा भाऊ, आण्णांच्या तोंडावरचा घाम पुशीत होता. मी म्हणाले, "चला. तालुक्याला जायचंय."

"काला झाला की जाऊ," आण्णा म्हणाले.

"आत्ता."

"मंदे, घटकाभराचा प्रश्न आहे. महाराज दहीहंडीपाशी आलेत."

"आण्णा, काळजाला आपला स्वतःचा ताल असतो. बाहेरचा करंट त्यात घुसला की तो चुकतो. तुमचा चुकलाय. माझ्या बोटांना लागतोय."

"टाळकरी चुकतो तसा?"

"हो. पण टाळकऱ्याला शेजारचा सावरून घेतो. इथं शेजारी कोणी नाही."

मी बाहेर जमलेल्या आमच्या आळीतल्या माणसांकडे वळले. "कोणीतरी वीणा घ्या. यांना दवाखान्यात न्यायचंय." 

कोणी पुढे आले नाही. आमच्या चुलत्यांनी दोन्ही हात जोडले. "पोरी, ज्या हातातून देवानं वीणा सुटू दिली न्हाई, त्या हातातनं आम्ही काढून घ्यायची? आमची काय लायकी?" दुसरा एकजण हळूच म्हणाला, "आन तिच्यात अजून करंट असला तर?" आणि मागे सरकला. मी कारभारी तात्यांकडे पाहिले. 

"तात्या, तुम्ही घ्या."

तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझ्या मनात काय हाय ते तुला कसं सांगू? पण पहारा त्याचा हाय. मी हात लावला तर उद्या तुझीच भावकी म्हणंल, वरच्या आळीनं शेवटचा मान हिसकला. शब्द दिलाय मी रंगनाथाला."

रंगनाथ म्हणजे माझे आण्णा. मी पुन्हा आत गेले, बबनला पाणी आणायला पाठवले आणि खुर्चीपाशी खाली बसले.

"त्यांना सांगा तुम्ही. तुम्ही म्हणालात तर कोणीही घेईल. सांगा, मला बरं वाटत नाही."

आण्णांनी आजूबाजूला पाहिले. मग माझ्याकडे वाकून ते इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला त्यांच्या ओठांकडे बघावे लागले.

"मी धरली नव्हती गं."

"काय?"

"वीणा. मी टाकून द्यायला बघत होतो. जीव खाऊन फेकायला बघत होतो. सुटतच नव्हती. मुठी माझ्या नव्हत्याच." त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. "आणि ती माणसं टाळ्या वाजवत होती."

अशा मुठी मी रुग्णालयात पाहिल्या होत्या. तारेवर मिटलेल्या, नंतर उघडाव्या लागलेल्या. त्या कशाने मिटतात हे मला ठाऊक होते. पण मंडपात मीही त्या मुठींकडे बघून क्षणभर तसेच काहीतरी मानले होते.

"मग खरं सांगा त्यांना," मी म्हणाले. "स्टँडला करंट होता, शॉक लागला, दवाखान्यात जायचंय. एवढंच."

"आणि करंट कुठनं आला, ते कोण सांगणार? पिन कोणी तोडली?" ते थांबले. श्वास पुरेना. "आत्ता बघ बाहेर. दोन्ही आळ्या एका सतरंजीवर बसल्यात. त्यांना वाटतंय देवानं राखलं. मी शॉक म्हणालो की संध्याकाळपर्यंत सुदामची कॉलर कोणाच्या तरी हातात असेल. तुझी आई गेली तेव्हा त्या घरातनं कोणी आलं नाही. परत ते दिवस नको. काला होऊ दे. मग तू म्हणशील तिथं येतो."

"तोवर राहाल का?"

"तू नाडी बघितलीस. तुलाच माहीत."

मला माहीत नव्हते. तेच तर अवघड होते. त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हते. मी पुन्हा मनगट धरले. मोकळ्या जागा वाढल्या होत्या.

मी उठले. वीणा माळकऱ्यानेच धरायची; बबनच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती, माझ्या होती. "मी घेते वीणा."

सभामंडपाच्या दारात उभी असलेली माणसे वळून माझ्याकडे बघू लागली. आमच्या गावात काल्याच्या मंडपात बाईने वीणा घेतली नव्हती. तसे कोणी कधी विचारलेही नव्हते. चुलते म्हणाले, "अगं, तू..." शेवाळे महाराज माइक सोडून दाराशी आले होते. त्यांनी आण्णांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"मुलगी बापाचा पहारा घेतीये," ते म्हणाले. "पहारा त्याच घरात राहिला. कोणाच्या शब्दाला धक्का लागला का? नाही ना? मग वाट सोडा."

"माइक लावायचा नाही," मी म्हणाले.

"नाही लावत. मी बिनमाइकचा शिकलोय, बाळ."

आण्णा खुर्चीतून उठले. "घेतलीस की काला होईपर्यंत ठेवता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग माझ्याबरोबर कोण?"

"बबन."

त्यांना कळले. मला वाटते, त्या साऱ्या मंडपात माझ्याशिवाय त्यांना एकट्यालाच कळले की मी काय देऊन काय घेत होते. ते नाही म्हणतील असे वाटले. मग त्यांनी खांद्यावरचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला, वीणा माझ्या खांद्याला लावली आणि माझे बोट तारेवर ठेवले.

"ओढायची नाही तार. नुसतं बोट टेकवून सोडायचं. ती आपली आपण वाजते."

पहारा बदलताना वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. मी वाकले. मी उठायच्या आत आण्णा वाकले आणि त्यांनी माझ्या पावलांना हात लावून तो कपाळी नेला. मी मागे सरकू शकले नाही. वीणा खांद्यावर होती.

तात्यांनी आपली जीप देवळाच्या पायऱ्यांना लावली. सुदाम चालवायला बसू लागला, पण त्याला किल्लीच लावता येईना, म्हणून तात्यांनी दुसऱ्या माणसाला बसवले. सुदाम मग मागे आण्णांच्या पायाशी बसला आणि त्यांचे ते करपलेले पाऊल त्याने मांडीवर घेतले. मी बबनला जवळ बोलावले. माझे हात अडकलेले होते म्हणून मी हनुवटीने त्याच्या छातीकडे खूण केली.

"इथं, मधोमध. एका हातावर दुसरा हात, कोपरं ताठ, सगळं वजन टाकायचं. मान टाकली, हाक मारून ओ दिली नाही, श्वास नीट येईना, की लगेच जीपच्या फरशीवर आडवं करायचं आणि दाबत राहायचं. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. दवाखाना येईपर्यंत नाही."

"ताई, तू चल ना गं," तो म्हणाला. तो रडत होता.

"सुदामला पण सांग. एक थकला की दुसऱ्यानं."

जीप वळली. आण्णा मागच्या बाकावर टेकून बसले होते. त्यांनी हात केला नाही. ते माझ्या बोटाकडे बघत होते.

मंडपात मी त्यांच्या जागी उभी राहिले. पायाखालची माती अजून ओली होती. त्यांच्या पायांच्या बोटांनी केलेल्या खाचा तिथे तशाच होत्या. मी त्यांवर पाय दिला नाही. महाराज उघड्या गळ्याने गाऊ लागले, टाळ सुरू झाले, पखवाज सुरू झाला. कोणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिले, मग बघणे थांबले. मी बोट टेकवत होते, सोडत होते. त्या आवाजात वीणेचा आवाज मलाही ऐकू येत नव्हता, पण लाकडातून तो माझ्या खांद्यात, गळ्याच्या हाडात उतरत होता. मी मनातल्या मनात रस्ता चालत होते. खिंड उतरली असेल. पूल ओलांडला असेल. साखर कारखान्याचा फाटा आला असेल. तिथून तालुका दिसतो.

महाराज हंडीपाशी आले होते. गोविंदांनी मनोरा रचायला घेतला होता. लोक उभे राहून पुढे सरकत होते. त्या गर्दीच्या पलीकडे, देवळाच्या खांबापाशी, कारभारी तात्या फोन कानाला लावून उभे असलेले मला दिसले. ते बोलत नव्हते. नुसते ऐकत होते. मग त्यांनी फोन खाली घेतला, आणि तो बंद करायचे न सुचून हातात तसाच धरला. त्यातून बारीक आवाज अजून येत असावा.

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

गर्दीतून वाट काढत ते माझ्यापाशी आले. टाळकऱ्यांनी त्यांना जागा दिली. ते माझ्या कानाशी वाकले, पण त्यांना नाव घेता आले नाही.

"फाट्यावर," ते म्हणाले. "दोघंबी दाबत होते गं. दवाखान्यापर्यंत दाबत होते." त्यांनी माझा दंड धरला. "थांबवू का? सांग. आत्ता सगळं थांबवतो. समद्यांपुढं उभा राहून सांगतो, माझ्या पोरानं..."

मी वर पाहिले. मनोऱ्याचा शेवटचा मुलगा हंडीला हात पोचवत होता. खाली दोन्ही आळ्यांच्या माणसांनी एकमेकांच्या खांद्यांना खांदे लावून पाया धरला होता. कोणाचा खांदा कोणाचा, ते लांबून कळत नव्हते.

"काला होऊ द्या," मी म्हणाले.

"मंदे..."

"काला होऊ द्या, तात्या. आणि काही सांगायचं नाही."

ते तिथून हलले नाहीत. माझ्या शेजारी, ओल्या मातीत, उभे राहिले. हंडी फुटली. दही, लाह्या, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडाले आणि लोक ओरडत पुढे धावले. मी बोट टेकवले, सोडले. टेकवले, सोडले.

प्रदक्षिणा झाली. मंडपातून देवळात आलो. गाभाऱ्याच्या दाराशी भिंतीत एक लाकडी खुंटी आहे, तिथे वीणा लावायची. मागून कोणीतरी कौतुकाने म्हणाले, "बापाची लेक आहे. पोरीनंबी टेकू दिली न्हाई." त्यांना अजून कळले नव्हते. मी खुंटीपुढे उभी राहिले. पट्टा तात्यांनी माझ्या गळ्यातून काढला. वीणा उचलायला त्यांनी हात घातला, पण ती निघेना.

माझ्या मुठी उघडत नव्हत्या.

माइक नव्हता, विजेची तार नव्हती, पिन केव्हाच बोर्डातून निघाली होती. तरी दांडीभोवती माझी बोटे आवळलेली होती आणि मी कितीही मनाशी म्हटले तरी ती माझे ऐकत नव्हती. तात्यांनी ते पाहिले. त्यांनी कोणाला हाक मारली नाही. आपल्या पाठीने त्यांनी लोकांची नजर अडवली, वीणेचा भार एका हातावर तोलून धरला आणि दुसऱ्या हाताने, करंगळीपासून सुरुवात करून, माझे एकेक बोट सोडवले.

मग वीणा खुंटीला लावून आम्ही दोघे आण्णांना आणायला निघालो.